परसबागेसाठी मिरची-टोमॅटोचे वाण निवडताना

मित्रहो, “टोमॅटोचे कोणते बी आणू?” असे मला कोणी विचारले, की मी आधी उलट विचारतो, “तुमच्या घरात टोमॅटोचे काय होते?” सार होते, कोशिंबीर होते, की रश्श्याला आंबटपणा यावा म्हणून दोन फोडी टाकल्या की काम झाले? बहुतेकांना हा प्रश्न गमतीचा वाटतो. पण ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते त्याची वाणाची निवड निम्मी झालेली असते, आणि ज्याला देता येत नाही तो दुकानातले सर्वांत चकचकीत पाकीट घेऊन घरी जातो.

त्या पाकिटातले वाण वाईट असते असे मुळीच नाही. ते दुसऱ्याच कामासाठी घडवलेले असते, एवढेच. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट एकमेकांवर कसे रचतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन समजेल. सर्वांत खालच्या क्रेटमधले फळ वरचे सगळे ओझे सोसून, मालमोटारीत दोन-तीन दिवस हादरे खाऊन दिल्लीला पोहोचले पाहिजे आणि तिथे विक्रेत्याच्या पाटीवर आणखी दोन दिवस टिकले पाहिजे. त्यासाठी साल जाड हवी, गर घट्ट हवा, रस कमी हवा आणि सगळी फळे एका मापाची हवीत. आपले फळ मात्र गच्चीवरून स्वयंपाकघरात, म्हणजे फार तर वीस पायऱ्या उतरून येणार आहे. तेवढ्या प्रवासासाठी जाड सालीचे वाण लावणे म्हणजे शेजारच्या गल्लीत जाताना होल्डॉल बांधण्यासारखे आहे.

चवीचा मुद्दा थोडा खोलात जाऊन सांगतो. जुन्या गावठी टोमॅटोचे कच्चे फळ आठवून पाहा. देठाजवळचा भाग, ज्याला आपण फळाचे खांदे म्हणू, गडद हिरवा असे आणि खालचा भाग फिका. पिकतानाही खांदे मागे राहत, कधी पिवळसर दिसत. बाजाराला हे नको होते, कारण फळ नेमके कधी तोडायचे हे ठरवणे अवघड जाई आणि रंगही एकसारखा दिसत नसे. म्हणून पैदासकारांनी गेल्या शतकात सर्वत्र एकसारख्या फिक्या हिरव्या रंगाची फळे देणारी झाडे निवडली. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की ज्या जनुकातील बिघाडामुळे हे खांदे नाहीसे झाले, त्याच जनुकाकडे फळातील हरितद्रव्याच्या जडणघडणीचे काम होते. फळ स्वतःही थोडी साखर तयार करीत असते, ते काम त्या बिघाडाने मंदावले. सगळी चव पानांतून येत नाही, थोडी खांद्यांतूनही येते, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा आपल्या झाडावरच्या कच्च्या फळाला गडद हिरवे खांदे दिसले तर रोग पडला म्हणून घाबरू नका.

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे ‘पुसा रुबी’ हे जुने वाण मी आजही घरासाठी सुचवतो. फळे चपटी, किंचित खाचांची, पातळ सालीची आणि चांगली आंबट असतात. सारासाठी आणि कोशिंबिरीसाठी ते मला आवडते. सॉस किंवा प्युरी करून ठेवणाऱ्या घराला मात्र ते पुरे पडणार नाही, कारण त्यात पाणी फार. तिथे गराचे, लांबट फळांचे वाण हवे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘भाग्यश्री’ आणि ‘धनश्री’ ही वाणे महाराष्ट्राच्या हवेत तयार झालेली आहेत, हेच त्यांच्या बाजूने पुरेसे आहे. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी एक तरी रोप चेरी टोमॅटोचे लावावे. त्याची फळे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाहीत, पण हा दोष मी धरत नाही.

पाकिटावर वाढीचा प्रकार लिहिलेला असतो तो वाचत जा. मर्यादित वाढीचे झाड झुडपासारखे राहते, शेंड्याला फुलांचा गुच्छ आला की थांबते आणि थोड्या आठवड्यांत आपली बहुतेक फळे देऊन मोकळे होते. ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ त्यातले. अमर्यादित वाढीचे झाड वेलासारखे वाढत राहते, त्याला माणसाच्या उंचीचा बांबू आणि सुतळी लागते, बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढत राहावे लागते, पण महिनोन्‌महिने थोडी थोडी फळे मिळतात. रोज दोन टोमॅटो लागणाऱ्या घराला दुसरे सोयीचे. खिडकीच्या जाळीत कुंडी ठेवणाऱ्याने पहिलेच लावावे. कुंडी बारा इंचांपेक्षा लहान नको आणि ऊन सहा तासांपेक्षा कमी नको, या दोन्ही बाबतींत मी तडजोड सुचवणार नाही.

वाण जितके महत्त्वाचे तितकाच लावणीचा महिना, आणि इथे माझीच फजिती सांगतो. एका वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मी मोठ्या हौसेने गच्चीवर टोमॅटोची बारा रोपे लावली. एप्रिलमध्ये ती फुलांनी नुसती डवरली होती, आणि रोज सकाळी झाडलोट करताना तीच फुले केरसुणीखाली येत होती. देठाच्या मधल्या सांध्यावर फूल अलगद सुटून येई. मी खत बदलले, पाणी वाढवले, फवारणी केली. कारण साधे होते. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या वर आणि रात्रीचे बावीस-तेवीसच्या वर राहू लागले, की टोमॅटोच्या परागकणांचे काम बिघडते आणि फळ धरत नाही. त्यातून जी धरतात त्यांना लाल रंगही नीट चढत नाही, ती नारिंगी राहतात. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात घरच्या टोमॅटोसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवडच खरी. नाशिक-पुण्याकडे थोडी सूट आहे, पण माझ्याइतकी घेऊ नये.

कोकणातले दुखणे वेगळे आहे. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत, दमट उबदार हवेत जिवाणूजन्य मर रोग येतो. काल टवटवीत असलेले झाड आज दुपारी हिरवेच्या हिरवे मान टाकते आणि पुन्हा उठत नाही. त्याचे खोड बुडाशी कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरा. कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली, तर ती मरच समजा. यावर फवारणी करून फारसे साधत नाही, वाणच प्रतिकारक्षम हवे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अशी वाणे दिली आहेत. ‘अर्का आभा’ हे सरळ वाण आहे, म्हणजे त्याच्या बियांतून पुन्हा तसेच झाड येते, तर ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण मर, लवकर येणारा करपा आणि पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ विषाणू या तिन्हींना तोंड देते. ज्या कुंडीत किंवा वाफ्यात वांगे, मिरची किंवा टोमॅटो मर लागून गेले असेल तिथे पुढच्या हंगामात या तिघांपैकी काहीही लावू नका. ही सगळी एकाच घरची भावंडे आहेत.

आता मिरची. तिच्याबद्दल आपल्याकडे प्रेम इतके आहे, की ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली हे सांगितले तर आजही काही श्रोते दुखावतात. आल्यावर मात्र तिने गावोगावी निराळे रूप घेतले. गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, हावेरीकडची ब्याडगी, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची. ब्याडगीला २०११ साली आणि खोल्याला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वाणांचे बी आणून पुण्याच्या गच्चीवर लावले तर मिरच्या लागतील, पण ती माती, तो उतार आणि वाळवणाच्या वेळची ती हवा कुंडीत येत नाही. हौस म्हणून एक रोप लावा, नाव मात्र मोठ्याने सांगू नका.

वर्षाच्या तिखटासाठी घरी मिरची लावायची असे कोणी म्हणाले, की मी हिशेब मांडतो. चार माणसांच्या घराला वर्षाला पाच-सहा किलो सुकी मिरची लागते असे धरू. एक किलो सुक्या मिरचीला साधारण चार किलो लाल ओली मिरची लागते. म्हणजे वीस-चोवीस किलो ओली मिरची झाली, आणि कुंडीतले रोप हंगामात अर्धा-पाऊण किलो देते. एवढ्या रोपांना गच्ची पुरत नाही. तेव्हा तिखटाची मिरची बाजारातून आणावी आणि घरी हिरवीच्या बाजूने विचार करावा.

फोडणीला आणि ठेच्याला ‘पुसा ज्वाला’ अजून कोणाला हरलेली नाही. लांब, बारीक, सुरकुतलेली, सालीने पातळ असल्यामुळे खलबत्त्यात लगेच मोडणारी. राहुरीची ‘फुले ज्योती’ घोसाने लागते. ‘पुसा सदाबहार’ आकाशाकडे तोंड करून लागते आणि छाटणी करीत राहिलात तर एकच झाड दोन-तीन वर्षे सोबत करते, म्हणून ज्यांना दर वर्षी रोपे करण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मी तेच सुचवतो. भज्यांना भावनगरी. ढोबळी मिरचीच्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. तिला थंड रात्री लागतात, किडी तिच्यावर तुटून पडतात आणि वर्षभराच्या कष्टाची चार फळे मिळाली, की माणूस बागकामच सोडतो.

एक समजूत मी अनेक घरांत ऐकली आहे, की लवंगीशेजारी भावनगरी लावली तर भावनगरी तिखट होते. या हंगामात तसे होत नाही. मिरचीत मधमाश्यांमुळे परपरागण बऱ्यापैकी होते, परंतु त्याचा परिणाम बियांत उतरतो. तिखटपणा असतो तो बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात, आणि तो गर आईच्या झाडाचाच असतो. या वर्षीची भावनगरी अचानक झोंबली, तर पाण्याचा ताण पडला होता का ते पाहा. हेच बी धरून पुढच्या वर्षी लावलेत तर मात्र ती लवंगीच्या वळणावर जाऊ शकते. टोमॅटोचे तसे नाही. त्याचे फूल आपले आपण फळते, त्यामुळे सरळ वाणाचे बी घरी निर्धास्त धरता येते. संकरित वाणाचे धरू नये, पुढच्या पिढीत एका फळासारखे दुसरे मिळत नाही.

मिरचीचा खरा शत्रू बोकड्या, ज्याला कोणी चुरडा-मुरडा म्हणतात. पाने वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, खाली मुडपली तर कोळी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड, असा ढोबळ अंदाज बांधता येतो, आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर शेंड्याचा चक्क गुच्छ होतो. तसे रोप उपटावे, त्याची दया करू नये. आणखी एक विनंती. घरी येणारा माळी तळहातावर तंबाखू मळून तसाच मिरची-टोमॅटोची रोपे हाताळत असेल, तर त्याला आधी साबणाने हात धुवायला सांगा. तंबाखूवरचा विषाणू या दोन्ही पिकांवर याच वाटेने येतो.

चार माणसांच्या घराला वेलवाढीच्या टोमॅटोची चार रोपे आणि मिरचीची पाच पुरतात. त्यांतल्या सर्वांत निरोगी टोमॅटोच्या झाडावरचे दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातले एक फळ बियाणासाठी राखा. ते झाडावरच पूर्ण पिकू द्या, मग बिया रसासकट वाटीत काढून एक-दोन दिवस आंबवा, म्हणजे बीभोवतीची बुळबुळीत पिशवी सुटते, आणि धुऊन सावलीत वाळवा. राखलेल्या फळाला लाल दोरा बांधायला विसरू नका, आणि तो दोरा कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आमच्याकडे गेल्या वर्षीचे बियाणे दोऱ्यासकट विळीपर्यंत गेले होते, आणि कोशिंबीर फार उत्तम झाल्याचे मला जेवताना सांगण्यात आले.