बोव्हेचं अपुरं कॅथेड्रल

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समधल्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, कॅथेड्रलांचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चांचा, विषय निघाला की आधी पॅरिसचं नोत्र दाम आठवतं, मग शार्त्रच्या निळ्या काचा. आज मात्र मी तुम्हाला पॅरिसच्या उत्तरेला, साधारण 80 किलोमीटरवर, बोव्हे या गावात घेऊन जाणार आहे. तिथलं संत पीटरचं कॅथेड्रल दोनदा ढासळलं आणि शेवटी अर्धवटच राहिलं. तरीही गॉथिक बांधकाम समजून घ्यायचं तर आधी बोव्हे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

1225 साली बिशप मिलों द नांतय यांच्या काळात काम सुरू झालं. तेव्हा उत्तर फ्रान्समध्ये उंचीची चढाओढच लागली होती. नोत्र दामचं दगडी छत 33 मीटरवर, शार्त्रचं 37 च्या आसपास, शेजारच्या आमियाँचं 42 मीटरवर. बोव्हेकरांनी 48 मीटर गाठले! पंधरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा आणि आतले सगळे मजले काढून टाका. वर दगड, खाली तुम्ही, मधे नुसता उजेड. गॉथिक कॅथेड्रलात याहून उंच दगडी छत आजही कुठे नाही.

एवढा दगड वर राहतो कसा? घरी पत्त्यांचा बंगला करून पाहा. दोन पत्ते एकमेकांना टेकवले की त्यांचे पाय बाहेर सरकायला लागतात. कमानीचंही तेच होतं. तिचा भार खाली येतो, तसा बाजूलाही रेटा देतो. गॉथिक कारागिरांनी कमान टोकदार केली, त्यामुळे हा बाजूचा रेटा कमी झाला. छताचा भार दगडी फासळ्यांमधून ठरावीक खांबांवर आणला. उरलेला रेटा झेलायला इमारतीच्या बाहेर, हवेत अर्ध्या कमानींचे टेकू उभे केले. हेच ते ‘फ्लाइंग बट्रेस’. भिंतीवरचं ओझं उतरलं, म्हणून तिच्या जागी रंगीत काच आली.

बोव्हेत हे टेकू फार सडपातळ ठेवले होते आणि खांबांमधली अंतरं मोठी होती. वेदीकडचा भाग, ज्याला क्वायर म्हणतात, तो 1272 मध्ये पुरा झाला. बारा वर्षांनी, 1284 मध्ये, त्याच्या छताचा काही भाग कोसळला. नेमका दोष कशाचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. काहींचा रोख वाऱ्यावर आहे. गावाने मात्र उंची एका हाताचीही कमी केली नाही. दोन जुन्या खांबांच्या मधोमध एकेक नवा खांब घातला आणि छत पुन्हा त्याच उंचीवर चढवलं. आज क्वायरमध्ये उभं राहिलं की खांबांची ही दाटी लगेच नजरेत भरते. वेदीमागच्या अर्धगोलात मात्र मूळची रचना शाबूत आहे. एका नजरेत आधीचं आणि नंतरचं, दोन्ही दिसतं.

मग इंग्लंड-फ्रान्समधलं ‘शंभर वर्षांचं युद्ध’ आलं आणि काम थंडावलं. अशा कॅथेड्रलचा आराखडा क्रूसासारखा असतो; 1500 मध्ये मार्तां शांबिज या स्थपतीने त्या क्रूसाचे दोन आडवे हात बांधायला घेतले. ते 1548 मध्ये पुरे झाले. आता उरला होता पश्चिमेकडचा लांब सभामंडप. इथे जो निर्णय झाला, तो वाचताना मला आजही हळहळ वाटते. सभामंडप बाजूला ठेवून त्यांनी आधी मधोमध मनोरा उभारला. 1569 मध्ये तो 153 मीटरवर पोहोचला, त्या काळी जगात सर्वांत उंच.

मनोऱ्याखाली चार खांब. पूर्वेला क्वायरचा आधार, उत्तर-दक्षिणेला आडव्या हातांचा. पश्चिमेला मात्र मोकळी हवा! पत्त्यांचा बंगला आठवा. खांब कलू लागले, जाणकारांनी पाहणी करून इशाराही दिला. 30 एप्रिल 1573, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती आणि मागे मनोरा खाली आला. लोक काही क्षणांच्या फरकाने वाचले.

दुरुस्तीतच पैसा संपला. सभामंडपाचा जेमतेम एक खण उभा राहिला आणि पश्चिमेची बाजू एका साध्या भिंतीने बंद झाली. इमारतीची काळजी अजून संपलेली नाही. विसाव्या शतकात टेकूंना बांधणाऱ्या जुन्या लोखंडी सळ्या काढल्या, तर वाऱ्याने क्वायर जास्तच हलू लागला. मग पोलादी सळ्या बसवाव्या लागल्या. उत्तरेच्या हातात आज खांबाखांबांमधे लाकडाचे जाडजूड टेकू आडवे लावलेले आहेत. पर्यटकांना ते खटकतात. मला ते आजाऱ्याच्या पाठीमागे ठेवलेल्या हातासारखे वाटतात.

आणि त्या साध्या भिंतीपलीकडे? तिथे एक बुटकं, लहान लहान दगडांचं चर्च आहे. लोक त्याला ‘बास अव्र’, म्हणजे खालचं काम, म्हणतात. दहाव्या शतकातलं हे बोव्हेचं जुनं कॅथेड्रल. त्यातले बरेच दगड त्याआधीच्या रोमन इमारतींमधून आलेले. नव्या सभामंडपासाठी ते पुरतं पाडायचं होतं. सभामंडप झालाच नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग राहिला. जून 1940 च्या बॉम्बफेकीत भोवतालचं गाव जळालं, तेव्हाही ही थोरली आणि धाकटी वास्तू, दोघी जागच्या जागी होत्या. बोव्हेला गेलात तर आधी त्या लहान चर्चच्या दारात उभे राहा, आणि मग मान वर करा.

नमस्कार.