गाडी उलटी करून पाहा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘डिंकी, कॉर्गी, मॅचबॉक्स : तीन ब्रिटिश कारखान्यांचा अस्त’ असा छापलेला आहे. हा विषय मीच कळवला होता, त्यामुळे त्याकडे मी यथावकाश येणार आहे, याची खात्री बाळगावी. ही तिन्ही धातूच्या, खेळण्यातल्या छोट्या मोटारींची नावे. तत्पूर्वी अशा तीन गाड्या सभागृहात फिरवायला देतो. गाडी हातात आली की ती खुर्चीच्या हातावर चालवून पाहण्याचा मोह कृपया आवरावा (हा मोह साठीपुढच्या श्रोत्यांना अधिक होतो, असे माझ्या पाहण्यात आले आहे) आणि ती उलटी करून तिच्या पोटावरचा मजकूर वाचावा. ज्यांनी चष्मा घरी ठेवला आहे, त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा.

खेळण्यातल्या मोटारीची कुंडली तिच्या तळाशी लिहिलेली असते, हे माझे या छंदातले आवडते मत आहे. आता जी हिरवी मॅचबॉक्स फिरते आहे, तिच्यावर ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ असे वाचायला मिळेल. तिच्याहून जुन्या गाड्यांवर लेस्नीच्या जोडीला ‘मोको’ हे वितरकाचे नाव असते, कारण प्रारंभी माल तयार करणे एवढेच लेस्नीचे काम होते आणि तो दुकानात पोहोचवण्याचे काम मोकोचे होते. दुसरी गाडी कॉर्गी आहे. तिच्यावर ‘इंग्लंड’ सापडणार नाही, ‘ग्रेट ब्रिटन’ सापडेल. मेटॉय कंपनी कॉर्गी बनवीत असे ती वेल्समधल्या स्वान्सी शहराजवळ, आणि वेल्समध्ये बनलेल्या वस्तूवर ‘इंग्लंड’ असा शिक्का मारणे म्हणजे कोल्हापुरी चपलेवर ‘पुणे’ असे छापण्यासारखे झाले असते.

तिसरी गाडी जरा जपून हाताळा. ती कलकत्त्याची आहे. आयातीवर निर्बंध होते त्या काळात, 1960 च्या दशकाच्या अखेरीस, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. डिंकीने जी गाडी ट्रायम्फ व्हिटेस म्हणून विकली होती, तीच निकीने स्टँडर्ड हेराल्ड म्हणून विकली, आणि आपल्या रस्त्यांवर हेराल्डच धावत होती हे लक्षात घेतले तर हे बारसे शहाणपणाचेच म्हणायला हवे. रंग जाड, ओतकाम थोडे ओबडधोबड, परंतु बांधा लिव्हरपूलचा. खोके पाहून हे कळत नाही, रंग पाहूनही कळत नाही.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, याचे कारण एका रविवारी सकाळी मी स्वतः गाडी उलटी करून पाहिली नाही, हे आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडच्या मध्य भागात अकरा वर्षे होतो. तिथल्या लहान गावांतून रविवारी नगरभवनात किंवा शाळेच्या क्रीडागृहात जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो. घडीच्या टेबलांवर चादरी अंथरलेल्या असतात, थर्मासमधला चहा असतो, आणि निवृत्त माणसे एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे घासाघीस करीत असतात. मला हवी होती ती डिंकीची मॉरिस ऑक्सफर्ड. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे हिंदुस्तान फोर्टीन होती, म्हणजे नाव हिंदुस्तान आणि अंग मॉरिस ऑक्सफर्डचे. पुढे आलेल्या अ‍ॅम्बेसेडरच्या घराण्यातली ही थोरली. लहानपणी त्या गाडीच्या पाठीमागच्या फुगीर भागावर हात फिरवल्याबद्दल मी डॉक्टरांच्या ड्रायव्हरच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. तेव्हा या खरेदीत माझी बुद्धी किती जागेवर असणार, याचा अंदाज आपण करू शकता.

ती गाडी मला दिसली आणि ती दुरंगी निघाली. खालून क्रीम, वरून हिरवी. डिंकीच्या मॉरिस ऑक्सफर्ड सुरुवातीला एकरंगी असत. राखाडी, गडद हिरव्या, बदामी अशा त्या पुष्कळ मिळतात, दुरंगी त्या मानाने कमी मिळतात आणि त्यांची किंमत चढी असते. शिवाय ही गाडी तिच्या पिवळ्या खोक्यासह होती. खोके इतके टवटवीत होते, की विक्रेत्याने ते पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवले होते आणि डबी उघडू नये अशी नम्र चिठ्ठी वर चिकटवली होती. येथे मला थोडे विषयांतर करू द्या. अलीकडे या छंदात खोक्याला जे महत्त्व आले आहे, ते माझ्या आकलनापलीकडचे आहे. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आतल्या गाडीहून अधिक पैसे मोजणारी माणसे मी पाहिली आहेत. हुबेहूब नवी खोकी छापून विकणारा एक स्वतंत्र धंदाही आता उभा आहे. खोके गाडीचे संरक्षण करण्यासाठी जन्माला आले होते, आणि आता खोक्याच्या संरक्षणासाठी प्लास्टिकची डबी लागते. त्या डबीसाठी उद्या काय लागेल, हे मला पाहायचे नाही.

तर मी चिठ्ठीचा मान राखला, डबी उघडली नाही, पैसे मोजले, आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर दिव्याखाली गाडी प्रथम उलटी केली.

डिंकीच्या या मालिकेतल्या गाड्यांचा तळ काळ्या रंगाच्या पातळ पत्र्याचा असतो. वरचा धड भाग जस्ताच्या मिश्रधातूचा, एकाच ओतकामातला. त्या धडातून खाली दोन बारीक खुंट्या निघतात, पत्र्याच्या छिद्रांतून बाहेर येतात आणि त्यांची टोके कारखान्यातच ठोकून छत्रीसारखी पसरवलेली असतात. गाडी पुन्हा रंगवायची तर पत्रा काढावा लागतो, आणि पत्रा काढायचा तर ही छत्री ड्रिलने उडवावी लागते. एकदा उडवली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. माझ्या गाडीच्या दोन्ही खुंट्यांच्या टोकांवर वाळलेल्या गोंदाचा चकचकीत थेंब होता. मी टॉर्च घेऊन मागच्या चाकाच्या कमानीत पाहिले. ब्रश पोहोचत नाही अशा कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा राखाडी रंग शिल्लक होता. आणि पत्र्यावर, अगदी स्वच्छ अक्षरांत, ‘40जी’ असा क्रमांक. डिंकीने 1954 च्या सुमारास अक्षरांचे क्रमांक मोडीत काढून तीन आकडी क्रमांक दिले. तेव्हा 40जी ही मॉरिस ऑक्सफर्ड 159 झाली, आणि दुरंगी रंगसंगती त्यानंतर आली. म्हणजे वरचे अंग सांगत होते एक आणि पोट सांगत होते दुसरेच. कोणीतरी एका साध्या राखाडी गाडीला शालू नेसवून बोहल्यावर उभी केली होती.

पुढच्या महिन्यात त्याच बाजारात मी त्या विक्रेत्यासमोर गाडी ठेवली. मी भांडणाच्या तयारीने, म्हणजे तीन वाक्ये पाठ करून गेलो होतो. त्या वृद्ध गृहस्थांनी भिंग काढले, गाडी उलटी केली, बराच वेळ पाहिली आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनीही ती खोक्यासकट, डबीसकट घेतली होती, आणि डबीवरची ती चिठ्ठी त्यांनी लिहिलेलीच नव्हती, ती त्यांच्या आधीच्या विक्रेत्याची होती. त्यांनी पैसे परत देऊ केले. मी निम्मे घेतले आणि गाडी ठेवून घेतली. माझी पाठ केलेली तीनही वाक्ये वाया गेली.

तळाकडे दुर्लक्ष होण्याची ही सवय कशी लागली, याविषयी माझा एक तर्क आहे. सुरुवातीच्या डिंकीला काचा नसत. खिडकीच्या चौकटीतून बोट घातले तर थेट तळपत्र्याला लागे, त्यामुळे पत्रा मुलांच्या परिचयाचा होता. 1956 मध्ये कॉर्गी आली ती ‘खिडक्यांवाली’ अशी जाहिरात करीत, काचेच्या जागी पारदर्शक प्लास्टिक लावून. मग आतल्या खुर्च्या आल्या, उघडणारी दारे आली, आणि 1965 मध्ये जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन आली, जिच्या छतातून खलनायक उडून बाहेर पडत असे. तो खलनायक हरवणारच हे कंपनीला इतके नक्की ठाऊक होते, की खोक्यात एक जादा खलनायक ठेवलेला होता. पडद्यावरची गाडी रुपेरी होती आणि कॉर्गीची सोनेरी, कारण रुपेरी रंगात ती न रंगवलेल्या धातूसारखी दिसली असती, असे सांगतात. इतके सगळे वर घडत असताना गाडी उलटी कोण करणार?

युद्धपूर्व डिंकी घेणाऱ्यांना मात्र तळ पाहावाच लागतो. या धातूत जस्ताबरोबर सुमारे 4 टक्के अ‍ॅल्युमिनियम असते, आणि त्यात शिशाचा अंश मिसळला गेला तर काही वर्षांनी धातू आतून फुगू लागतो. प्रथम बारीक भेगा पडतात, मग धड वाकडे होते, पत्रा तणावाने वर येतो, आणि एक दिवस कपाट उघडावे तर गाडीच्या जागी चुरा. यावर औषध नाही. लांबी वाढली आहे का हे पाहण्यासाठी मी पट्टी घेऊन बसतो, तेव्हा घरचे लोक माझीच लांबी मोजल्यासारखे पाहतात.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. नऊ मिनिटे उरली आहेत आणि अस्त अजून व्हायचा आहे.

तर थोडक्यात. लिव्हरपूलमधला मेकॅनोचा बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर 1979 मध्ये बंद पडला, हॅकनीमधली लेस्नी जून 1982 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि मेटॉय 1983 मध्ये कोसळली. चार वर्षांत तिन्ही. याचे खापर नेहमी एका अमेरिकन खेळण्यावर, 1968 च्या हॉट व्हील्सवर, फोडले जाते. माझे म्हणणे असे, की ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे तळपत्र्यावर वाचता येते.

पहिली गोष्ट चाकांची. मॅचबॉक्सच्या गाडीखाली आधी धातूची चाके होती, मग करड्या प्लास्टिकची, मग काळ्या. हॉट व्हील्सच्या बारीक आसामुळे ती गाडी उतारावर सुसाट जाई, आणि लेस्नीला 1969 पासून ‘सुपरफास्ट’ या नावाने आपल्या गाड्यांची चाके आणि आस, आणि त्यापायी साचेही, बदलावे लागले. साचा हे पोलादाचे महागडे काम असते, लाखो गाड्या विकल्या तरच तो परवडतो. इथे मुलाचा पैसा जाण्याआधी कारखान्याचा पैसा गेला.

दुसरी गोष्ट मालकांची. डिंकी 1964 मध्ये ट्राय-अँग खेळणी बनवणाऱ्या लाइन्स बंधूंकडे गेली, ते 1971 मध्ये बुडाले, मग ती एअरफिक्स या खेळण्यांच्याच कंपनीकडे गेली. मालक बदलत गेले, यंत्रे तीच राहिली. तिसरी गोष्ट पौंडाची. 1979 नंतर पौंड महाग झाला, व्याजदर चढले, आणि निम्म्या जगाला माल पाठवणाऱ्या कारखान्यांची निर्यात आटली. त्याच वेळी मुलांचे खिशातले पैसे इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळले. मेटॉयने 1982 मध्ये ‘ड्रॅगन’ नावाचा घरगुती संगणकही काढून पाहिला. हा मुद्दा वीस मिनिटांचा होता.

मॅचबॉक्स हाँगकाँगच्या मालकांकडे गेली आणि तळावर ‘इंग्लंड’च्या जागी ‘मकाव’ आले, पुढे ‘चायना’ आणि ‘थायलंड’. 1997 पासून ती मॅटेलच्या, म्हणजे हॉट व्हील्सच्याच घरात नांदते आहे, आणि डिंकीचे नावही त्याच घरात आहे.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही, याबद्दल क्षमस्व. मॅचबॉक्स आणि कॉर्गी माझ्यापर्यंत परत आल्या आहेत. हेराल्ड चौथ्या रांगेनंतर दिसलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती चालवून झाली की पुढे द्यावी.