क्योटो: बघणं स्वस्त, झोपणं महाग

(दृश्य: पहाट. फुशिमी इनारीची चढण. पायऱ्यांवर झाडू फिरल्याचा आवाज.)

सकाळचे सहा वाजलेत. डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर शेंदरी कमानी एकीला एक चिकटून उभ्या आहेत. या कमानींना तोरी म्हणतात. फुशिमी इनारीच्या डोंगरावर त्या सुमारे दहा हजार आहेत. वर चढताना कोऱ्या दिसतात, पण मागे वळून पाहिलंत तर प्रत्येकीवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव असतं. त्यात दुकानं आहेत, पेढ्या आहेत, मोठ्या कंपन्याही आहेत. इनारी हे धान्याचं आणि धंद्यातल्या बरकतीचं दैवत आहे, त्यामुळे नवस बोलणारे बहुतेक व्यापारी.

इथे तिकीट नाही. फाटक नाही. बंद व्हायची वेळही नाही. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, नारा लाइनचं दुसरं स्टेशन म्हणजे इनारी, भाडं दीडशे येनच्या आसपास. दहा वाजता याच वाटेवर सेल्फीसाठी रांग लागते. आत्ता मात्र रोज डोंगर चढणारे दोन-चार आजोबा, कावळे आणि तुम्ही.

(दृश्य: शहराचा विस्तार, तिन्ही बाजूंनी डोंगर.)

जपान म्हणजे महाग, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. क्योटोच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. शंभर येन म्हणजे ढोबळ साठ रुपये धरा. कियोमिझु मंदिराचं तिकीट ५०० येन, सोनेरी मंदिराचं, म्हणजे किंकाकुजीचंही ५००. सम्राटांचा जुना राजवाडा फुकट. निशी होंगान्जी आणि हिगाशी होंगान्जी ही दोन प्रचंड मंदिरं फुकट. नान्झेन्जी मंदिराच्या आवारातून विटांच्या कमानींवरून कालव्याचं पाणी वाहतं, ते बघणं फुकट. कामो नदीचा काठ तर अख्ख्या गावाचाच. क्योटोत बघायला फारसे पैसे लागत नाहीत. ते लागतात झोपायला.

आणि किती लागतात, हे तुमच्या ऐपतीपेक्षा कॅलेंडर जास्त ठरवतं. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात लाल मेपलची. या दोन हंगामांत तीच खोली दुप्पट-तिप्पट भावाने जाते, आणि तीही चार-सहा महिने आधी धरली तर. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी बोचते, पण खोल्या रिकाम्या असतात. जूनमध्ये तिथलाही पावसाळा असतो. मुंबईचा पाऊस पाहिलेल्या माणसाला त्याचं काय? शिवाय शेवाळाच्या बागा पावसातच हिरव्यागार होतात. ज्यांना सुट्टी कधीही घेता येते, त्यांनी जून धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: कॅप्सूल हॉटेलच्या ओळी, मग व्यावसायिक हॉटेलची छोटी खोली, मग तातामीची, म्हणजे गवती चटयांची, खोली.)

हंगाम सोडला तर हॉस्टेलमधला बंक किंवा कॅप्सूल, म्हणजे एका माणसापुरता झोपायचा कप्पा, तीन ते पाच हजार येनांत मिळतो. स्वच्छतेची काळजी नको. सामानाची मात्र करा, कारण मोठी बॅग उघडायला तिथे जागाच नसते. त्याच्या वरची पायरी बिझनेस हॉटेलची. खोली इतकी लहान की पलंगावरून हात लांबवला की खिडकी, पण बाथरूम स्वतंत्र. सगळ्यात वर र्‍योकान, म्हणजे पारंपरिक पद्धतीचं निवासगृह. तिथे हिशोब खोलीचा नसतो, माणशी असतो. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून चांगल्या र्‍योकानमध्ये माणशी तीस-चाळीस हजार येन सहज जातात.

यात शहराचा निवास करही धरा. मार्च २०२६ पासून तो वाढला. माणशी दर रात्री, मुक्कामाच्या भावाप्रमाणे: ६,००० येनांच्या आतल्या मुक्कामाला २०० येन, २०,००० च्या आत ४००, ५०,००० च्या आत १,०००, लाखाच्या आत ४,००० आणि त्याच्या वर थेट १०,०००. म्हणजे बंकवर झोपणाऱ्याला चहाइतका फरक पडतो, श्रीमंतांकडून मात्र शहर घसघशीत वसुली करतं. पर्यटकांच्या गर्दीमुळे बसमध्ये जागा न मिळणाऱ्या स्थानिकांना विचाराल तर यात काही चूक वाटणार नाही.

हंगामातच जायचं असेल आणि खिसा ताणायचा नसेल, तर ओत्सुमध्ये राहा. बिवा सरोवराच्या काठचं हे गाव जेआरने दहा मिनिटांवर आहे. किंवा ओसाकात राहा. तिथून जलद गाडीने अर्धा तास, भाडं सहाशे येनांच्या आत. मात्र मग सहा वाजताचा फुशिमी इनारी जमवायला अंधारात उठावं लागेल.

(दृश्य: शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. खिडकीतून भातखाचरं.)

रेल पासबद्दल थोडक्यात. पूर्वी जपानला निघालेला प्रत्येक जण डोळे मिटून सात दिवसांचा, जेआरने हवं तितकं फिरायचा पास घ्यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो एका बाजूचं भाडं चौदा हजारांच्या आसपास आहे. जाऊन-येऊन अठ्ठावीस. गणित स्वतः करा. टोकियोहून रात्रीची बसही असते. ती भाडं वाचवते आणि एका रात्रीची खोलीही. पण दुसऱ्या दिवशी देवळात बसल्या बसल्या डुलकी लागते.

शहरात सिटी बसचं सपाट भाडं २३० येन. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे टाकायचे. फक्त बसचा जो एक दिवसाचा पास अजूनही जुन्या व्हिडिओंमध्ये दिसतो, तो बंद झालाय. बस आणि भुयारी रेल्वे मिळून १,१०० येनांचा पास आहे. दिवसात पाच फेऱ्या होणार असतील तरच घ्या. गर्दीच्या वेळी बसपेक्षा रेल्वे आणि पाय बरे.

(दृश्य: सान्जुसान्गेन्दोची लांबलचक इमारत, बाहेरून. आत कॅमेऱ्याला मनाई.)

तिकीट काढून एकच ठिकाण बघायचं ठरवलं, तर हे बघा. सान्जुसान्गेन्दो, तिकीट ६०० येन. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृह. आगीनंतर १२६६ मध्ये पुन्हा बांधलेलं. आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती. मधली मोठी मूर्ती शिल्पकार तान्केईची, बाकीच्या हजार दोन्ही बाजूंना पायऱ्यांवर उभ्या. आत फोटो काढता येत नाही, त्यामुळे लोक खरोखर बघतात.

बहुतेक पर्यटक त्या हजारांकडे बघत पुढे सरकतात. तुम्ही मात्र पुढच्या रांगेतल्या अठ्ठावीस रक्षक मूर्तींपाशी थांबा. त्यात इंद्र आहे, ब्रह्मा आहे. नारायण आहे, पण पिळदार दंडांच्या पहिलवानाच्या रूपात. आणि गरुड आहे, तोही चक्क बासरी वाजवतोय. भारतातून चीन आणि कोरियामार्गे इथवर येता येता हे सगळे बौद्ध धर्माचे राखणदार झाले. आपल्या देव्हाऱ्यातली मंडळी परक्या वेषात ओळखण्यात जी मजा आहे, ती सोनेरी मंदिरासमोरच्या धक्काबुक्कीत नाही.

(दृश्य: कोनबिनीचं, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानाचं फडताळ. ओनिगिरीवरची, म्हणजे भाताच्या गोळ्यांवरची लेबलं.)

आता पोटाचं. मांस-मासे खाणाऱ्याला क्योटो स्वस्त आहे. साखळी दुकानांत भाताचा वाडगा पाचशे येनांच्या आसपास मिळतो. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये तयार डब्यांवर निम्म्या किमतीचे स्टिकर लागायला लागतात, ती वेळ साधा. खरी परीक्षा शाकाहाऱ्याची. अडचण दाशीची आहे. सुकवलेल्या बोनितो माशाचा हा अर्क सूपमध्ये असतो, सॉसमध्ये असतो, उकडलेल्या भाजीतही असतो. मांस नाही म्हटल्यावर वाढणारा बिचारा प्रामाणिकपणे मांसच तेवढं काढतो.

पण जपानात शाकाहारी जेवणाची खरी परंपरा जपलेलं शहरही हेच. बौद्ध मंदिरांतलं शोजिन र्‍योरी पूर्ण शाकाहारी असतं. अराशियामाच्या तेन्र्‍युजी मंदिरात ते जेवता येतं. एका वेळचं हे जेवण हजारोंच्या घरात जातं, तरी एकदा जेवाच. एरवी कोनबिनीत शिजवलेल्या पांढऱ्या भाताचं पाकीट मिळतं. तो भात गरम करून घ्या आणि घरून नेलेलं मेतकूट काढा. यात कमीपणा मानायचं कारण नाही.

(दृश्य: लाकडी गल्ली, संध्याकाळ.)

ज्यांच्याकडे पैसे आहेत, त्यांनी ते कुठे घालावेत? सगळ्या रात्री महागड्या हॉटेलात काढण्यापेक्षा एकच रात्र र्‍योकानमध्ये घ्या आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. तिथलं जेवण ठरल्या वेळी, ओळीने येतं. सातला धावतपळत पोचलात तर अर्धे पैसे वाया. शाकाहाराचं आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, आयत्या वेळी कुणी काही करू शकत नाही. दुसरा खर्च साइहोजीचा, शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या मंदिराचा. आधी आरक्षण करावं लागतं, दर ४,००० येनांपासून पुढे. महाग आहे, पण माणसं मोजकीच सोडतात. आणि गियोन या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका. गेइको-माइकोंच्या, म्हणजे क्योटोच्या गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुलींच्या, मागे कॅमेरे धावायला लागले, म्हणून २०२४ पासून तिथे मनाईचे फलक आहेत. दंड १०,००० येन, त्यात एका माणसाचा दोन रात्रींचा बंक निघतो.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. तो कागद एजंटकडून छापून घेऊ नका. नकाशा समोर ठेवून स्वतः भरा: एक दिवस पूर्वेच्या डोंगरपायथ्याचा, एक पश्चिमेच्या अराशियामाचा. दोन्ही एकाच दिवसात कोंबले की दिवस बसमध्येच जातो.

(दृश्य: शिजो रस्ता, जुलै. दोरखंडांनी ओढला जाणारा उंच रथ.)

जुलैत गेलात तर १७ किंवा २४ तारीख साधा. गियोन उत्सवाची मुळं ८६९ सालच्या रोगराईपर्यंत जातात. सर्वांत मोठ्या रथांचं वजन बारा टनांपर्यंत. चाकं वळत नाहीत, म्हणून चौकात चाकांखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या अंथरून अख्खा रथ घसरवत फिरवतात. बसायच्या जागांना तिकीट आहे, रस्त्याच्या कडेला उभं राहायला नाही. रथांच्या अंगावरचे गालिचे नीट बघा. त्यातले काही सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये विणले गेले आणि डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जपानला पोचले, असं अभ्यासक सांगतात. रथ उन्हातान्हात निघतात, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी हे रथ आपापल्या गल्लीत उभे असतात. तेव्हा गालिचे अगदी जवळून दिसतात.