शिळं किती चालेल?

(वेब डेव्हलपर मंडळींच्या एका सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

डेटाबेसची दुसरी प्रत उभी करणं हे आता अवघड काम राहिलेलं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचंच घ्या. प्रायमरीवर, म्हणजे मूळ डेटाबेसवर, रेप्लिकेशनसाठी (प्रत ताजी ठेवण्यासाठी) एक युजर बनवायचा, एचबीए फाइलमध्ये त्याला आत येण्याची परवानगी द्यायची आणि दुसऱ्या मशीनवरून पीजी-बेसबॅकअप हा नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम चालवायचा. मोठ्या ‘आर’चा पर्याय दिला की स्टँडबायची (म्हणजे त्या दुसऱ्या प्रतीची) सिग्नल फाइल आणि प्रायमरीचा पत्ता तो स्वतःच लिहून ठेवतो. वॉल लेव्हल, वॉल सेंडर वगैरे सेटिंग दहाव्या आवृत्तीपासून मुळातच सोयीच्या आहेत. सर्व्हर सुरू केला की काम झालं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे केलेलं असणार, त्यामुळे आज मी स्क्रीनवर कमांड दाखवणार नाही. ती प्रत उभी राहिल्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांच्याबद्दल बोलू.

प्रायमरीवर होणारा प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत लिहिला जातो. स्टँडबाय ती नोंदवही वाचतो आणि तेच बदल स्वतःवर करत जातो. म्हणजे तो कायम थोडा मागे. एरवी काही मिलिसेकंद. पण कुणी दुपारी मोठ्या टेबलवर सरसकट अपडेट चालवला, तर काही मिनिटंसुद्धा. रेप्लिका (स्टँडबायचंच दुसरं नाव) ही शिळी प्रत असते, हे एकदा मान्य केलं की पुढची सगळी कॉन्फिगरेशन एकाच प्रश्नाभोवती फिरते. तुमच्या धंद्याला शिळं किती चालेल?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या बाबतीत काय झालं, ते पाहू. त्यांनी पुढे सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला तपशिलात कळतं. त्यांच्याकडे एक प्रायमरी होता, एक सेकंडरी, म्हणजे स्टँडबाय. त्या संध्याकाळी स्पॅमवाल्यांमुळे लोड वाढला. भरीस भर म्हणजे त्यांच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं कुणीतरी गैरवापराच्या नावाखाली रिपोर्ट केलं होतं आणि ते खोडण्याचं काम मागे चालू होतं. सेकंडरी मागे पडला. इतका मागे, की त्याला हव्या असलेल्या वॉल फाइल प्रायमरीने तोवर टाकून दिल्या होत्या. वॉलचं आर्काइव्ह, म्हणजे जुन्या फाइलींचा वेगळा साठा, ठेवलेलं नव्हतं. आता एकच उपाय उरला, सेकंडरी रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून भरणं.

इथून पुढचा भाग नीट ऐका, कारण रात्री अकरा-बाराला आपण सगळे असेच वागतो. पीजी-बेसबॅकअपने तक्रार केली की वॉल सेंडर (नोंदवही पाठवणाऱ्या प्रोसेस) कमी आहेत. त्यांनी ते ३ वरून ३२ केले. रीस्टार्टला पोस्टग्रेस उठेना, कारण कनेक्शनची कमाल मर्यादा ८,००० ठेवलेली होती आणि सेमाफोर (ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोजकेच मिळणारे) पुरत नव्हते. ती २,००० केली. मग बेसबॅकअप सुरू झालं, पण काही बोलेना. खरं तर ते प्रायमरीकडून चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणं) होण्याची वाट पाहत होतं, आणि त्या काळात ते गप्पच बसतं. इंजिनिअरला वाटलं, आधीच्या प्रयत्नातल्या फाइल आडव्या येताहेत. त्याने डेटाची डिरेक्टरी उडवली. सेकंडरीवर समजून उडवली, आणि ती होती प्रायमरीवरची. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला लागले. रोजचा पीजी-डंप चालतच नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज फसायचा. फसल्याचे मेल निघायचे, पण मेल सर्व्हर ते नाकारायचा, म्हणून कुणापर्यंत पोचायचे नाहीत. क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या नकला) डेटाबेसच्या मशीनसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते सहा तासांपूर्वीच्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने. तो का घेतला होता माहीत आहे? एक जण स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, लोड बॅलन्सिंग (काम अनेक सर्व्हरवर वाटणं) करून बघत होता आणि त्याला ताजा डेटा हवा होता! योगायोगाने वाचले. स्टेजिंगच्या मंद डिस्कवरून डेटा परत आणायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. गिटच्या रिपॉझिटरी शाबूत राहिल्या, पण त्या सहा तासांतले जास्तीत जास्त ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली, असा त्यांचा स्वतःचा अंदाज.

या गोष्टीवर लोक चटकन म्हणतात, चुकीच्या मशीनवर कमांड मारली, काळजी घ्यायला हवी होती. मला तसं वाटत नाही. चूक बऱ्याच आधी झाली होती. रेप्लिका किती मागे पडली तर काय करायचं, हे ठरलेलंच नव्हतं. रेप्लिकेशन स्लॉट वापरला तर प्रायमरी वॉल टाकून देत नाही, रेप्लिकाने वाचेपर्यंत जपून ठेवतो. पण मग रेप्लिका बंद पडली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर प्रायमरीची डिस्क भरते आणि तोच आडवा होतो. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याची मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते. ती घाला. रेप्लिका पुन्हा भरावी लागली तर लागली, पण चालू धंदा बंद पडता कामा नये. आणि रेप्लिका हा बॅकअप नव्हे, हे वेगळं सांगायला नको: प्रायमरीवर चुकून डिलीट चालवलं तर तेही इमानेइतबारे रेप्लिकावर जातं.

आता वाचनाची विभागणी. लिहिणं प्रायमरीवर, वाचणं रेप्लिकांवर, हे कागदावर छान दिसतं. मग एखादी बाई पत्ता बदलते, ‘सेव्ह’ दाबते, पान पुन्हा उघडतं आणि पत्ता जुनाच. ती पुन्हा दाबते. पत्त्याच्या जागी ऑर्डर असेल, तर दोन ऑर्डर. यावर सोपा तोडगा म्हणजे ज्याने नुकतंच काही लिहिलं, त्याचं वाचन थोडा वेळ प्रायमरीवरूनच करायचं. रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये सहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि तिथल्या कॉन्फिगरेशनमध्ये हा वेळ २ सेकंद असतो. दोन सेकंद पुरतील का, हे तुमचा लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) मोजल्याशिवाय सांगता येत नाही. जास्त काटेकोर हवं असेल, तर लिहिल्यानंतरचा वॉलमधला क्रमांक सेशनमध्ये ठेवायचा आणि रेप्लिका तिथवर पोचली असेल तरच तिला विचारायचं.

पैसे, शिल्लक माल, लॉगिन हे मी नेहमी प्रायमरीवर ठेवतो. यादी, शोध, अहवाल रेप्लिकावर. ही विभागणी मधल्या प्रॉक्सीने क्वेरी वाचून करावी की अ‍ॅप्लिकेशनने, यावर वाद होतात. माझा कल अ‍ॅप्लिकेशनकडे. ‘सिलेक्ट’ दिसलं म्हणून ते निव्वळ वाचन असतंच असं नाही. आत एखादं फंक्शन टेबलमध्ये लिहीत असतं. आणि कुठलं वाचन शिळं चालेल, हे प्रॉक्सीला कसं कळणार?

अहवालांचं एक वेगळंच दुखणं आहे. रेप्लिकावर दहा मिनिटांची क्वेरी चालू असते आणि प्रायमरीवर व्हॅक्यूम या साफसफाईच्या कामाने त्याच जुन्या ओळी साफ केलेल्या असतात. पोस्टग्रेस मुळात ३० सेकंद थांबतो आणि मग तुमची क्वेरी मारून टाकतो. थांबण्याचा वेळ वाढवला तर लॅग वाढतो. हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिका आपल्या चालू क्वेरींबद्दल प्रायमरीला कळवते, ती सोय) चालू केला तर प्रायमरी साफसफाई लांबवतो आणि तिथली टेबलं फुगतात. फुकट काहीच नाही. अहवालांसाठी स्वतंत्र रेप्लिका ठेवा आणि ती खुशाल मागे पडू द्या, हे मला सगळ्यात कमी त्रासाचं वाटतं.

लोड बॅलन्सरकडे येऊ. वेब सर्व्हरसमोर एचएप्रॉक्सीसारखा बॅलन्सर लावायची सवय असते, तीच नजर डेटाबेसला लावली की फसगत होते. पहिली गोष्ट, हेल्थ चेक. ५४३२ पोर्ट उघडा आहे का, एवढंच विचारलं तर तीन तासांपूर्वी वॉल येणं बंद झालेली रेप्लिकाही ‘हो’ म्हणते. वर तिच्यावर नवे बदल चढवण्याचं काम नसल्यामुळे ती उत्तरही झटपट देते. म्हणून चेकमध्ये लॅग विचारायलाच हवा. पोस्टग्रेसचे सर्व्हर सांभाळणारं पॅट्रोनी वापरत असाल तर त्याच्या ८००८ पोर्टवर रेप्लिकाची चौकशी करताना लॅगची मर्यादा सांगता येते. मर्यादेच्या आत असेल तर २००, नाहीतर ५०३. स्वतः चेक लिहिणार असाल तर शेवटच्या बदलाची वेळ आणि आत्ताची वेळ यांच्या वजाबाकीवर विसंबू नका. पहाटे प्रायमरीवर कुणीच काही लिहीत नसेल तर रेप्लिका पूर्ण ताजी असूनही हा फरक वाढत जातो, आणि सगळ्या निरोगी रेप्लिका बाहेर काढल्या जातात. प्रायमरीवर दर सेकंदाला एक ओळ अपडेट करणारं ठोक्यांचं टेबल ठेवलं की हा घोळ मिटतो.

सगळ्याच रेप्लिका एकदम मागे पडल्या तर? बॅलन्सर त्या सगळ्या काढणार, सगळं वाचन प्रायमरीवर कोसळणार, आणि ज्याच्यामुळे लॅग आला तो प्रायमरीच आता मरणार. शेवटची रेप्लिका कितीही शिळी असली तरी ठेवायची की पानावर ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवा.

दुसरी गोष्ट कनेक्शनची. राउंड रॉबिन (आळीपाळीने काम देणं) असो की कमी कनेक्शनवाल्याला पुढचं काम, निर्णय होतो तो कनेक्शन जोडताना. अ‍ॅप्लिकेशनचा पूल, म्हणजे जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, ती कनेक्शनं तासन्‌तास धरून बसतो. गर्दी वाढली म्हणून तुम्ही नवी रेप्लिका जोडता, आणि ती माशा मारत बसते. पूलमधल्या कनेक्शनला आयुष्याची मर्यादा घाला, थोडी मागे-पुढे, म्हणजे सगळी एकदम तुटणार नाहीत.

आता फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी पडला की दुसऱ्याला प्रायमरी करणं. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये बिघडत चाललेलं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलत असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. ऑर्केस्ट्रेटर या फेलओव्हर करणाऱ्या साधनाने त्याचं काम चोख केलं: बहुमत घेतलं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या सर्व्हरना प्रायमरी केलं. पण पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लेखन होतं, जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं. पश्चिमेकडे पुढची जवळजवळ ४० मिनिटं नवं लेखन होत राहिलं. दोन्हीकडे दुसरीकडे नसलेला डेटा. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशी न पोचलेली लेखनं ९५४ निघाली. डेटा गमावण्यापेक्षा सेवा रखडलेली बरी, असं त्यांनी ठरवलं आणि सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. मला तो निर्णय पटतो. कोड सांभाळणाऱ्या कंपनीने तोच घ्यायला हवा. क्रिकेटचा स्कोअर दाखवणाऱ्याने मात्र उलटा घ्यावा.

सिंक्रोनस रेप्लिकेशन (स्टँडबायकडे पोचल्याशिवाय लेखन पक्कं न धरणं) केलं की हा प्रश्न सुटतो, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की सिंक्रोनस स्टँडबाय किती आहेत? एकच असेल आणि तो पडला, तर प्रायमरीवरचं प्रत्येक कमिट वाट पाहत अडकतं. दोन ठेवा आणि ‘दोघांपैकी कुणी एक’ अशी अट लिहा. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून ते जमतं. दोन्ही वेगळ्या शहरांत असतील तर प्रत्येक कमिटला तेवढा प्रवास जोडला जातो, हेही मोजा.

मघाशी एकाने चहाच्या वेळी विचारलं, आमचा एकच सर्व्हर, दोनशे युजर, सकाळी साइट हळू चालते, रेप्लिका लावू का? नको. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारचं उदाहरण लोक देतात, पण एकदा लागलेला निकाल बदलत नाही; तिथे कॅश (तयार उत्तरांचा साठा) लागतो, रेप्लिका नाही. तुमच्याकडे आधी हळू चालणाऱ्या क्वेरींची यादी काढा, त्यात बहुधा इंडेक्स नसलेल्या तीन-चार सापडतील. मग कनेक्शनं वाटून वापरू देणारं पीजीबाउन्सर लावा. वॉलचं आर्काइव्ह दुसऱ्या ठिकाणी पाठवायला सुरुवात करा आणि महिन्यातून एकदा त्यातून डेटाबेस उभा करून बघा, किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. तो आकडा तुमच्या मालकांना सांगा. एवढा वेळ बंद राहिलेलं चालणार नाही असं ते म्हणाले, की मग रेप्लिकाचं बोलू.