चिंचोक्याएवढी गाठ

नमस्कार श्रोतेहो. गोराईच्या एका मावशींच्या खुराड्यातली गोष्ट सांगते. घरामागे त्यांच्या आठ लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या. ‘डॉक्टरबाई, ही तांबडी दांडीवरून खाली यायला बघत नाही. खाते, अंडं पण देते, मग झालंय काय?’

मी नुसती बघत उभी राहिले. तांबडी मान पुढे काढायची, पाय दुमडायची, आता उडी मारणार असं वाटायचं, आणि पुन्हा मागे सरकायची. चार वेळा असंच झालं.

मग तिला उचललं. एका हातात पाय धरले आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं छातीच्या मधल्या हाडावरून गळ्याकडून पोटाकडे फिरवली. होडीच्या तळाला मधोमध लाकूड असतं ना, तसं हे उभं, धारदार हाड. उडायचे स्नायू यालाच धरलेले असतात. बोट सरळ जायला हवं होतं, ते शेपटीकडच्या टोकाला अडलं. चिंचोक्याएवढी टणक गाठ. हाड मोडलं होतं, आणि शरीर ते आपलं आपणच सांधत होतं.

मावशींना वाटलं, बोक्याने धरली असेल. पण कारण बहुधा अंड्यातच होतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच घडायला 20 तासांच्या आसपास लागतात, आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी काही खात नसते तेव्हाचा. मग ती आपल्या हाडांतून कॅल्शियम काढते. त्यासाठी तिच्या हाडांच्या पोकळीत वेगळा साठा असतो. पण रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, आपली लेयर 300 च्या वर. साठा भरता भरता मूळ हाड झिजत जातं. त्यात अंडी सुरू होतात पाचव्या महिन्याला, आणि छातीच्या हाडाचं टोक तेव्हा अजून कुर्चेचंच असतं. ते पुरतं हाड व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

मुंबईत अंडी बहुतेक बाहेरून येतात. ट्रे दिसतो, कोंबडी दिसत नाही. जगभर तपासलेल्या कितीतरी कळपांत अंड्यांचा काळ संपेपर्यंत निम्म्याहून जास्त कोंबड्यांचं हे हाड मोडलेलं आढळलं आहे. पिंजऱ्यात हालचाल नसल्याने हाड कमकुवत होतं. मोकळ्या शेडमध्ये दांड्यांवर आपटून मोडतं. नुसतं पिंजऱ्याचं दार उघडून हे सुटत नाही.

आणि दुखतं का? दुखतं. इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा कोंबड्यांना वेदनाशामक दिलं, तर त्या दांडीवरून लवकर उतरू लागल्या. तांबडी चारदा मागे सरकली, ती हट्टाने नव्हे.

घरी कोंबड्या असतील त्यांना कळकळीने सांगते, छातीला घट्ट पट्टी बांधू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. हे हाड खाली-वर होतं तेव्हाच तिचा श्वास चालतो. आवळलंत तर ती गुदमरेल. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत, औषध पशुवैद्याला विचारूनच. दांडी खाली आणा, चढ-उताराला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावा. संध्याकाळच्या आधी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जाड चुरा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवचाच्या कामी येतो. आणि दिवा एकदम घालवू नका. अंधारात तिला दिसत नाही, ती धडपडते.

मावशींनी मासळीच्या जुन्या खोक्याची फळी लावली. सहा आठवड्यांनी मी पुन्हा गेले. गाठ घट्ट झाली होती, हाड जरा वाकडं जुळलं होतं. ते आता तसंच राहणार. तांबडी फळीवरून एकेक पाऊल टाकत खाली आली.

मावशींनी तिला उचललं, स्वतःची दोन बोटं फिरवून पाहिली. मग बाकीच्या सातही एकेक करून उचलल्या. आणखी दोघींना गाठ लागली.