एका डोळ्याची दुर्बीण

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती पट मोठं दिसतं? खिशात मावणाऱ्या, एका डोळ्याने पाहायच्या मोनोक्युलरच्या जाहिराती नेमक्या याच प्रश्नावर पोसलेल्या असतात. चाळीस पट, साठ पट! पण दहाच्या वर गेलात की हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो. झाडावरचा पक्षी राहतो बाजूला, झाडच नाचायला लागतं.

दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आठ ही पट, बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आता बेचाळिसाला आठने भागा. उत्तर सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. माझ्या मते खरेदीत सगळ्यात कामाचा आकडा हाच, आणि खोक्यावर तो क्वचितच ठळक छापतात.

का कामाचा? भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. तेव्हा १०×२५ ची चिमुकली दुर्बीणही, म्हणजे अडीच मिलिमीटरचा झोत, पुरून उरते. अंधारात तीच बाहुली तरुणपणी साताच्या आसपास फाकते, वय वाढलं की पाचाच्या. दिवेलागणीनंतर पाहायचं असेल, तर झोत पाचाच्या आसपास हवाच.

हा झोत डोळ्यांनी बघताही येतो. दुर्बीण हातभर लांब धरा, उजळ भिंतीकडे रोखा. मागच्या भिंगात एक लख्ख ठिपका दिसेल. तो पूर्ण गोल हवा. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर आतल्या लोलकांत काटकसर झाली आहे असं समजा. ठिपक्यावर पट्टीही धरा. ४०×६० असा दावा असेल, तर ठिपका दीड मिलिमीटरचा यायला हवा. पाच-सहाचा आला, तर ती चाळीस पट फक्त खोक्यावर आहे.

चष्मा लावून पाहणाऱ्यांनी एवढंच विचारावं: डोळा भिंगापासून पंधराएक मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं का?

आता रात्र. साधी दुर्बीण प्रकाश गोळा करते, निर्माण करत नाही. चांदण्यात ती छान चालते, दहा पटींची भिंतीला टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चंद्रही दाखवते. पण मिट्ट काळोखात ती आंधळीच. तिथे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, दिवा असलेली डिजिटल दुर्बीण लागते, नाहीतर थर्मल. थर्मल दुर्बीण वस्तूच्या उष्णतेवर चित्र काढते, त्यामुळे तिला उजेडाची गरजच नसते. मात्र ही उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही. तेव्हा खिडकी लावून घेऊन आत उबेत बसायचं आणि थर्मलमधून बाहेरचं पाहायचं असा बेत असेल, तर खिडकी उघडावी लागेल.

नमस्कार.