तराजू आणि जकातीचा नाका

(दृश्य: काळोखात हळूहळू उलगडत जाणारी चामड्याची गुंडाळी.)

बायबलच्या जुन्या करारातलं, देवाचा निरोप सांगणाऱ्या यशया या संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला एके काळी दोन्ही हात लागायचे. मृत समुद्राकाठच्या गुहेत 1947 साली सापडलेली यशयाची गुंडाळी सात मीटरहून लांब आहे. चामड्याचे 17 तुकडे एकमेकांना शिवलेले, मजकुराचे 54 स्तंभ. अध्यायांना आकडे नाहीत, वचनांनाही नाहीत. हवी ती ओळ गाठायची तर एका हाताने उलगडत, दुसऱ्याने गुंडाळत जायचं.

येशूचं शुभवर्तमान, म्हणजे त्याच्या जीवनाची आणि शिकवणीची कथा, लिहिणारा लूक सांगतो, नासरेथच्या सभास्थानात शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली गेली. त्याने ती उलगडली आणि जागा काढली. आज आपण तिला 61वा अध्याय म्हणतो, म्हणजे पुस्तकाचा जवळजवळ शेवट. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. 'परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष' इथपर्यंत तो वाचतो आणि गुंडाळी बंद करतो.

वाक्य तिथे संपत नाही. यशयात पुढे लगेच देवाच्या सुडाचा दिवस येतो. येशू त्याच्या अलीकडे थांबला. शिवाय लूकने दिलेल्या मजकुरात ठेचलेल्यांना मोकळं करण्याची जी ओळ आहे, ती 58व्या अध्यायातली. मग तो खाली बसला आणि बोलू लागला. मूळ ग्रीकमध्ये त्या बोलण्याचा पहिला शब्द आहे: 'आज'.

आधी वाचन, मग थांबणं, मग 'आज'. शुभवर्तमान आणि संदेष्टे समोर ठेवून रोज मनन करणारे लोक याहून वेगळं काय करतात? फक्त एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. त्या दिवशी श्रोते आधी खूश झाले होते. पुढे येशूने सारफथच्या विधवेचं आणि अरामी नामानाचं नाव काढलं, देवाने परक्यांवर केलेली कृपा आठवून दिली, तेव्हा तेच गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघाले.

(दृश्य: वाचनांचा जाड ग्रंथ. पानांतून लोंबणाऱ्या रंगीत फिती.)

कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कोणत्या दिवशी काय वाचायचं, याची सध्याची मांडणी 1969 सालची. पवित्र शास्त्राचं भांडार लोकांसाठी अधिक मोकळं करा, असं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 मध्ये सांगितलं होतं, त्यातून ती आली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात. इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं, पण सामान्य काळात, म्हणजे नाताळ, ईस्टर अशा सणांचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, पहिलं वाचन सम आणि विषम वर्षांप्रमाणे बदलतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची रविवारची मांडणी याच धर्तीवर 1992 साली तयार झाली. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची रीत आणखी जुनी, 1728 पासूनची. जुन्या करारातलं वचन ते चिठ्ठी टाकून काढतात आणि त्याला साजेसं नव्या करारातलं वचन निवडतात.

मिस्सेत आगमन काळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, सुरुवातीला संदेष्टा आणि शुभवर्तमान ही जोडी मुद्दाम जुळवलेली असते. दुसऱ्या आठवड्यातला बुधवार घ्या. यशयाचा 40वा अध्याय. देवाला आपली वाट दिसतच नाही, अशी कुरकुर करणारे थकलेले लोक आणि गरुडासारखे पंख पसरून झेपावण्याचं आश्वासन. शुभवर्तमानात मत्तयाचा 11वा अध्याय: कष्टी आणि भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या. 'भाराक्रांत' हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाला पाठ असतो, अर्थ विचारला तर क्षणभर अडखळला तरी. त्या दिवशी मनन लिहिणाऱ्याला फार खपावं लागत नाही. सांधा आधीच बसवलेला आहे.

सामान्य काळात तसं नसतं. संदेष्ट्याचं पुस्तक आपल्या क्रमाने पुढे जातं, शुभवर्तमान आपल्या. दोघं एका पानावर येतात ती केवळ तारखेने. आणि मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.

(दृश्य: लोलक हलत असलेला तराजू.)

सम वर्षातला, सामान्य काळाच्या 13व्या आठवड्यातला शुक्रवार. जुलैचे पहिले दिवस. पहिलं वाचन आमोसाचं, 8वा अध्याय. आमोस तकोवाचा, गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा. इसवी सनापूर्वीचं 8वं शतक. इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात भरभराट चालू आहे आणि हा दक्षिणेतला माणूस तिथे जाऊन व्यापाऱ्यांच्या मनातलं मोठ्याने बोलून दाखवतो. शब्बाथ कधी संपतोय आणि धान्य कधी विकायला काढतोय, असं झालंय त्यांना. माप लहान करायचं, वजन वाढवायचं, तराजूत दगा करायचा. जोडाभर वहाणांच्या मोलाने गरीब माणूस विकत घ्यायचा. धान्याबरोबर गाळसुद्धा विकायचा.

मग शुभवर्तमान. मत्तयाचा 9वा अध्याय. जकातीच्या नाक्यावर मत्तय नावाचा एक जकातदार बसला आहे. येशू जाता जाता त्याला म्हणतो, माझ्यामागे ये. तो उठतो.

ही जोडी कुणी जुळवलेली नाही. तरीही आमोस ऐकल्यावर मत्तयाकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. तो नाका नुसती जागा उरत नाही. तिथे कुणाचं तरी माप लहान झालं आहे, कुणाची तरी वहाण गेली आहे. नुसतं शुभवर्तमान वाचलं की मत्तय आपल्याला बिचारा वाटतो, समाजाने दूर लोटलेला. आमोसाच्या शेजारी बसवला की त्याने ज्यांना पिळलं असेल, ते लोक आठवतात. आणि येशू त्याच्याच पंक्तीला जेवायला बसतो, तेव्हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, चिडले यात नवल वाटत नाही.

इथे मनन करणाऱ्यांची एक खोड सांगतो, माझीही. संदेष्टा अडचणीचं बोलू लागला की आपण हळूच शुभवर्तमानाकडे वळतो. आमोसासाठी दोन ओळी, मत्तयासाठी दोन पानं. येशूनेही नासरेथला सुडाचा दिवस गाळलाच की, असं कुणी म्हणेल. पण तो थांबला सुडाच्या अलीकडे. आपण थांबतो हिशेबाच्या अलीकडे. तराजूबद्दल तो गप्प बसल्याचं मला कुठे आढळलेलं नाही.

त्याच शुक्रवारी परूश्यांना उत्तर देताना येशू एक जुनं वाक्य वापरतो: मला दया पाहिजे, यज्ञ नको. जा, आणि याचा अर्थ काय ते शिका, असं त्यांना बजावतो. हे वाक्य होशेय संदेष्ट्याचं.

(दृश्य: फीत एक पान पुढे सरकते.)

शनिवारी आमोस संपतो. शेवटच्या ओळींत डोंगरांवरून द्राक्षारस ठिबकतो आहे. शुभवर्तमानात नवा द्राक्षारस, नवे बुधले. हेही कुणी जुळवलेलं नाही.

रविवार आपल्या वेगळ्या फेऱ्यातून येतो आणि जातो. सोमवारी पहिल्या वाचनासाठी नवं पुस्तक उघडतं.

होशेय.